पैनगंगेच्या घळींत एक अकल्पित फेरी

गेल्या भाद्रपदांत नातवाला सहस्रकुंडाचा प्रपात दाखवावा, एवढाच बेत होता. उमरखेड तालुक्यांतील मुरलीच्या बाजूनें आम्हीं धारा पाहिल्या. परत निघतों तों गाडीचें चाक पंक्चर! ड्रायव्हर म्हणाला, तासभर लागेल. रिकामें बसवेना, म्हणून प्रपाताच्या खालच्या अंगास नदीच्या घळींत उतरलों.

पैनगंगेचा उगम अजिंठ्याच्या डोंगरांत व संगम वर्धेशीं, हें मुलांकडून पाठ करवून घेण्यांत माझा उभा जन्म गेला. पण प्रपाताखालीं ती काय करते, हें मीं कधीं चालून पाहिलें नव्हतें. दोन्ही अंगांस काळा कातळ. मध्यें पाणी अंग चोरून चाललेलें. समोरचा कांठ नांदेड जिल्ह्याचा. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत तेथें निजामाचा अंमल होता. (वऱ्हाडही कागदोपत्रीं त्याचाच, कारभार मात्र इंग्रजांचा.) हांकेच्या अंतरावर परमुलूख, हें नातवाला कांहीं केल्या पटेना.

कातळांत जागोजाग गोल कुंडें कोरलेलीं. कांहीं वाटीएवढीं, कांहीं रांजणाएवढीं.

"हीं कोणीं खणलीं, आजोबा?"

झालें! मास्तरकी जागी झाली. हा कातळ सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. पुराच्या भोंवऱ्यांत सांपडलेला गोटा एकाच जागीं गरगर फिरतो, कातळ घांसतो, स्वतःही झिजतो. तो संपला कीं पुढचा पूर दुसरा आणून टाकतो. सहस्र म्हणजे नेमके हजार नव्हेत, 'पुष्कळ' असाही अर्थ, हेंही सांगून झालें. नातवानें एका कुंडांत हात घालून अंड्यासारखा गुळगुळीत गोटा काढला व खिशांत टाकला.

ऊन स्वच्छ होतें, पांच दिवस पाऊस नव्हता, म्हणून मी निर्धास्त. परंतु ही नदी आतां केवळ पावसाच्या आज्ञेंत नाहीं. वर इसापूरचें धरण आहे. तें भरल्यावर दरवाजे उघडतात, आणि कोरड्या आकाशाखालीं पाणी चढतें. हें मला ठाऊक होतें. त्या वेळीं आठवलें नाहीं.

एवढ्यांत वरून एका म्हाताऱ्या गुराख्याची हांक आली, "अहो, पोराले घेऊन वर या! पाणी वाढून रायलं!"

मागें वळून पाहतों, तों आलों त्या सखल कातळावरून धार वाहूं लागलेली! तो मार्ग सोडून, नातवाला पुढें घालून, कडेच्या खडकावर चढूं लागलों. गुराख्यानें काठीचें टोंक पुढें केलें. आधीं मुलाला घेतलें, मग मला. मीं जेथें व्याख्यान दिलें तें कुंड थोड्याच वेळांत दिसेनासें झालें. म्हातारा एवढेंच म्हणाला, "पोरगं तं लहान हाय, पन तुमी?"

उत्तर सुचलें नाहीं. गाडींत बसल्यावर 'हें घरीं सांगूं नकोस' असें मीं नातवाच्या कानांत सांगितलें. चाळीस वर्षें मुलांना खरें बोलण्याचे धडे दिल्यावर!

त्यानें शब्द पाळला आहे. गोटा माझ्या मेजावर असतो. तो कोठला, असें सूनबाईंनीं विचारलें तेव्हां 'नदीवरचा' एवढेंच मी बोललों. हें मासिक मात्र घरांत सर्वांआधीं त्याच उघडतात.