न खपलेल्या तबकड्या

यंदाचा पावसाळाभर आमच्या घरी अमेरिकेतले मेंफिस शहर मुक्कामाला होते. रात्रीची जेवणे आटोपली की मी कानाला यंत्र लावून बसे, आणि सौभाग्यवती विचारीत, "अहो, पुन्हा तीच मंडळी का?" तीच मंडळी! 'बिग स्टार' नावाच्या चार पोरांच्या जुन्या तीन तबकड्या मी किती वेळा ऐकल्या याचा हिशेब ठेवला नाही. ठेवला असता तरी घरात सांगितला नसता.

रॉक म्हटले की आपल्याकडच्या सभ्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे केस वाढवून घसा खरवडणारा इसम उभा राहतो. माझ्याही राहत असे. पण त्या घराण्याची 'पॉवर पॉप' नावाची एक धाकटी पाती आहे. 'द हू' या वाद्यमेळाच्या पीट टाउनशेंडने १९६७ साली हे नाव वापरले. गिटार आणि ड्रम रॉकच्याच जोराचे, पण चाल बीटल्ससारखी, आंघोळ करताना गुणगुणावी अशी. आणि तीन-चार मिनिटांत खेळ खलास. ऐकायला सोपे, जमवायला महाकठीण. गोडी जरा वाढली की नुसता पाक होतो, जोर जरा वाढला की चाल चिरडून जाते.

बिग स्टारमधला अॅलेक्स चिल्टन हा बालवयातच नशीब काढलेला मुलगा. 'बॉक्स टॉप्स'बरोबर त्याने गायिलेले 'द लेटर' १९६७ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा त्याचे वय होते अवघे सोळा. त्या गाण्यातला घोगरा, पोक्त आवाज आणि पुढे बिग स्टारमध्ये लागलेला कोवळा, उंच आवाज एकाच गळ्यातले आहेत, यावर माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. त्याचा जोडीदार ख्रिस बेल. लेनन-मॅकार्टनीच्या धर्तीवर या दोघांनी गाण्यांखाली जोडनाव लावले. अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स हे बाकीचे दोघे. आर्डेंट स्टुडिओसमोरच्या वाणसामानाच्या मोठ्या दुकानाची पाटी पाहून त्यांनी आपले नाव ठेवले, आणि पहिल्याच तबकडीला म्हटले 'नंबर वन रेकॉर्ड'!

१९७२ साली ती निघाली. समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केले. पण वितरण होते स्टॅक्स कंपनीकडे. सोल संगीतात तिचा हात धरणारा विरळा, मात्र हा माल तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचा नव्हे. पुढे स्टॅक्सने आपले वितरण कोलंबियाकडे सोपवले, आणि तिथेही घोळ झाला. लोक दुकानात विचारायला जात, तबकडी नसे. नाव 'नंबर वन', आणि खपल्या म्हणे दहा हजारही नाहीत. जी तबकडी तेव्हा अमेरिकेतल्या माणसाला पैसे देऊन मिळेना, ती आज आमच्या माजघरात बोटाच्या एका स्पर्शासरशी वाजते.

हा तडाखा बेलला सोसला नाही. साल संपता संपता तो बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी १९७४ साली 'रेडिओ सिटी' काढली. विल्यम एगलस्टनने टिपलेले लालभडक छत आणि त्यावरचा उघडा दिवा, हे तिचे वेष्टण. जाणकार हिलाच सर्वश्रेष्ठ मानतात, आणि 'सप्टेंबर गर्ल्स' ऐकताना मलाही क्षणभर तसेच वाटते. पण माझा कौल पहिलीलाच. तिच्यातल्या 'थर्टीन'मध्ये ड्रम नाहीत, जोर नाही. साधी गिटार आणि शाळकरी वयातली भित्री प्रीती. तिसरी तबकडी १९७४ सालीच मुद्रित झाली, आणि प्रकाशात आली थेट १९७८ साली. ती रात्री एकट्याने ऐकू नये. तिथे पॉवरही नाही, पॉपही नाही. एक माणूस आपले घर स्वतःच्या हातांनी उसवीत बसल्यासारखा ऐकू येतो.

कीर्ती आली ती फार उशिरा. 'रिप्लेसमेंट्स'नी १९८७ साली चक्क चिल्टनच्या नावाचे गाणे केले. मधल्या काळात त्याने न्यू ऑर्लीन्समध्ये भांडी विसळण्याचीही नोकरी करून पाहिली होती. १७ मार्च २०१० रोजी तो गेला. बिग स्टारचा ठरलेला कार्यक्रम तीन दिवसांवर होता, तो त्याच्या स्मरणार्थ झाला. हमेलही त्याच वर्षी गेला.

बेलच्या वाट्याला तेवढेही आले नाही. बापाच्या खाणावळींच्या धंद्यात तो काम करू लागला होता. १९७८ साली त्याच्या स्वतःच्या नावाची एकच छोटी तबकडी निघाली. त्याच वर्षी २७ डिसेंबरला पहाटे त्याची मोटार खांबावर आदळली. वय सत्तावीस. दुसऱ्या दिवशी चिल्टनचा वाढदिवस होता.

त्या छोट्या तबकडीच्या मागल्या बाजूला 'यू अँड युअर सिस्टर' हे गाणे आहे. गेल्या रविवारी मी ते सौभाग्यवतींना बळेच ऐकवले. त्यांना इंग्रजी गाणी आवडत नाहीत, तरी त्या शेवटपर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, "मागून हळूच साथ देतोय तो कोण हो?"

तो चिल्टन. जोडी फुटल्यावर येऊन गायला होता.