विमान इफ्तारसाठी थांबत नाही

रमजानमध्ये केलेल्या उमराहचे पुण्य हजइतके असते, असे हदीसमध्ये येते. त्यामुळे या महिन्यात भिवंडीच्या मोहल्ल्यांतून जेद्दा आणि मदिनेकडे निघणाऱ्यांची संख्या वाढते. कुणी यंत्रमागावरच्या कमाईतून वर्षानुवर्षे पैसे बाजूला टाकलेले असतात, कुणाच्या आईला मुलाने आखाती देशातून तिकीट पाठवलेले असते. ईद जवळ आली की बनारस, लखनौकडे जाणाऱ्या कुटुंबांची भर पडते. शहरातल्या तेलुगू भाषक विणकर कुटुंबांची हैदराबादची ये-जा तर बाराही महिने चालू असते. यात्रा कोणतीही असो, सगळ्यांचा रस्ता एकच : भिवंडी ते मुंबई विमानतळ. आणि विमान चुकण्याची तयारी बहुतेक वेळा विमानतळावर नव्हे, घराच्या उंबरठ्यावरच होते.

तारीख आधी नीट वाचा

इस्लामी गणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणूनच 26 वा रोजा सोडला की त्या संध्याकाळी रमजानची 27 वी रात्र लागते. विमानाच्या तिकिटावरची तारीख मात्र मध्यरात्री 12 वाजता बदलते. आखाताकडची अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि घोटाळा तिथेच होतो. तिकिटावर 15 तारीख आणि वेळ 01.30 असेल, तर घरातून 14 तारखेच्या संध्याकाळी निघायचे असते. 15 च्या इफ्तारनंतर बॅगा बांधणाऱ्याचे विमान तोपर्यंत जाऊन सुमारे अठरा तास झालेले असतात. तिकीट हातात आल्याबरोबर कागदावर ‘घरातून निघण्याची तारीख आणि वार’ असे वेगळे लिहून ते घरातल्या सर्वांना दाखवावे.

हिशेब उलटा करा

विमान सुटण्याच्या वेळेला फारसा अर्थ नाही, काउंटर बंद होण्याच्या वेळेला आहे. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या 60 मिनिटे आधी काउंटर बंद करतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात ही वेळ साधारण 60 ते 75 मिनिटे असते, तिकिटावर ती पाहून घ्यावी. विमानात चढण्याचे गेटही उड्डाणाच्या 20-25 मिनिटे आधी बंद होते. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आणि देशांतर्गत प्रवासासाठी दोन तास आधी विमानतळावर पोहोचावे.

आता मागे मोजत या. रात्री 10 चे जेद्दाचे विमान असेल, तर 7 वाजता सहारला पोहोचायला हवे. भिवंडीहून अंतर 35-40 किलोमीटरचे, पण गोदामांकडच्या ट्रकांमुळे माणकोली, काशेळी, माजिवडा कुठेही अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो. पुढे पूर्व द्रुतगती महामार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याची संध्याकाळची गर्दी आहेच. म्हणून अडीच तास धरावेत आणि साडेचारला घर सोडावे. सध्या इफ्तार पावणेसातच्या आसपास आहे. म्हणजे ती गाडीत किंवा विमानतळाच्या दारात होणार हे आधीच मान्य करावे. ‘इफ्तार करूनच निघू’ म्हणणारे कुटुंब सव्वासातला निघते, पावणेदहाला पोहोचते आणि तोवर काउंटर बंद झालेले असते.

पहाटे अडीचच्या विमानासाठी हाच हिशेब रात्री 9 वर येतो, म्हणजे ऐन तरावीहच्या वेळी. ईशाची नमाज वेळेवर उरकून निघावे. तरावीह सुन्नत आहे आणि प्रवाशाला धर्मानेच सवलती दिल्या आहेत. चार रकातींची फर्ज नमाज प्रवासात दोन रकातींची होते. प्रवाशाने रोजा न ठेवता नंतर भरून काढावा, ही मुभा कुराणात सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. वयस्क आणि आजारी माणसांनी ती संकोच न करता घ्यावी.

रोजा ठेवून दुपारचे विमान पकडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विमान पश्चिमेकडे जाते, सूर्याच्या मागे मागे. त्यामुळे सूर्यास्त लांबतो. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. इफ्तार भिवंडीच्या वेळेने करायची नसते, प्रवासी जिथे आहे तिथे सूर्य मावळल्यावर करायची असते. म्हणजे हा रोजा घरच्यापेक्षा मोठा होतो.

रुखसत आदल्या दिवशी

उमराहला निघणाऱ्याला भेटायला सारी गल्ली लोटते. हार घातले जातात, गळाभेटी होतात, दुआ सांगितली जाते. हे प्रेम खरे आहे, पण एक-एक मिठी करत तास जातो. भेटीगाठी आदल्या रात्री तरावीहनंतर उरकाव्यात. निघायच्या दिवशी दारात फक्त घरचे असावेत. तिकिटाशिवाय टर्मिनलमध्ये कुणालाच प्रवेश नसतो, त्यामुळे सोबत चार गाड्या नेऊनही निरोप बाहेरूनच द्यावा लागतो.

जुनी माणसे या बाबतीत शहाणी होती. हजची जहाजे 1995 पर्यंत मुंबई बंदरातून सुटत. त्या काळी यात्रेकरू दिवस-दिवस आधी मुंबईत येऊन क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत. जहाज चुकले तर वर्ष हातचे जाईल, हे त्यांना ठाऊक होते. विमानाच्या काळात प्रवास तासांवर आला आणि आपण निघण्याची वेळही आवळत गेलो.

कोणता विमानतळ, कोणते टर्मिनल?

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही प्रवासी विमाने सुटू लागली. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर मुंबई, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. भिवंडीहून दोघांचे रस्ते वेगळे : एक ठाण्याकडून, दुसरा मुंब्रा बायपास, शिळफाट्यावरून पनवेलकडे. चुकीच्या विमानतळावर पोहोचलेल्याला वेळेत दुसरा गाठणे जवळजवळ अशक्य.

मुंबईतही दोन टर्मिनल आहेत. आंतरराष्ट्रीय विमाने सहारच्या टर्मिनल 2 वरून सुटतात. देशांतर्गत विमाने 1 किंवा 2, कुठूनही असू शकतात. दोन्हींमध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर अंतर आहे. लखनौहून टर्मिनल 1 ला उतरून टर्मिनल 2 वरून जेद्दाला जाणाऱ्या पाहुण्यासाठी मध्ये किमान चार-पाच तास ठेवावेत.

रस्ता तुंबलाच आणि सामान थोडे असेल, तर आता पर्याय आहे. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो 1 ने मरोळ नाका आणि तिथे मेट्रो 3 मध्ये बदलून पुढचेच स्थानक टर्मिनल 2 चे. मेट्रो रात्रभर चालत नाही, हे मात्र विसरू नये.

मधला थांबा असेल तर

मस्कत, दुबई किंवा कुवेतवरून जाणारे तिकीट स्वस्त पडते. एजंटला एकच प्रश्न विचारावा : दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर आहेत का? असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. वेगवेगळी तिकिटे असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी फक्त गैरहजर आहे. सामान उतरवून पुन्हा द्यावे लागते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

एहरामचे कापड, औषधे, पासपोर्ट, व्हिसा आणि हॉटेलचे कागद हातातल्या बॅगेत असावेत. मोठी बॅग मागे राहिली आणि मीकात आली, तर कापडाविना पंचाईत होते. खजूर हातातल्या बॅगेत चालतात. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि सुरक्षा तपासणीनंतर भरावी. अत्तराची बाटली 100 मिलिलिटरहून मोठी नसावी. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवू नये.

तरीही विमान चुकले तर

चुकणार असे दिसताच गाडीतूनच कंपनीला आणि एजंटला फोन करावा. विमान सुटण्यापूर्वी तारीख बदलणे हे सुटल्यानंतरच्या धावपळीपेक्षा साधारणपणे स्वस्त पडते. दुसरे महत्त्वाचे म्हणजे परतीचे तिकीट. जाण्याचे विमान न कळवता चुकवले, तर त्याच तिकिटावरचा पुढचा आणि परतीचा प्रवास बहुतेक कंपन्या आपोआप रद्द करतात. ‘जायचे नवे तिकीट काढू, परतीचे आहेच’ असे समजून गेलेला माणूस जेद्दात अडकू शकतो. काउंटरवर ‘परतीचे तिकीट चालू ठेवा’ असे सांगून लेखी खात्री घ्यावी आणि मक्केच्या हॉटेललाही कळवावे.

बुडालेल्या तिकिटातूनही काही पैसे परत मिळतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार भारतीय कंपन्यांनी प्रवासी न आल्यासही सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत करायचे असते. ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटालाही हे लागू आहे. अर्ज मात्र करावा लागतो.

चूक कंपनीची असेल तर हक्क आणखी मोठे. विमान सहा तासांहून जास्त लांबले, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे मागता येतात. वेळेत पोहोचूनही जादा बुकिंगमुळे जागा नाकारली आणि तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले नाही, तर भाड्याच्या प्रमाणात भरपाई मिळते : 24 तासांच्या आतले विमान दिल्यास 10 हजारांपर्यंत, त्यापुढे 20 हजारांपर्यंत. बोर्डिंग पास, संदेश आणि पावत्या जपून ठेवाव्यात. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या ‘एअरसेवा’वर तक्रार नोंदवता येते.

ज्या घरात आयुष्यात एकदाच असे तिकीट येते, तिथे आई-वडील काउंटरवर कुणाशी भांडू शकत नाहीत आणि इंग्रजी सूचनाही त्यांना समजत नाहीत. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी आज सहरीनंतर दहा मिनिटे त्यांच्यासोबत बसावे. तारीख, विमानतळ, टर्मिनल, काउंटर बंद होण्याची वेळ, पीएनआर आणि दोन फोन नंबर मोठ्या अक्षरांत, त्यांना वाचता येईल त्या लिपीत लिहून द्यावेत. चिठ्ठी पासपोर्टच्या पाकिटात ठेवावी.