फौजेतून ‘मेडिकल’वर घरी आल्यावर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत फौजेतून वैद्यकीय कारणाने ‘बोर्ड आउट’ होऊन आलेल्या पोराला सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. पाय बरा कर, पळायला लाग, पुढच्या भरतीत बसशील, असं जो तो सांगतो. त्या नादात त्याची उमेदीची वर्षं मैदानावर जातात आणि ज्या कागदांसाठी झगडायला हवं, ते पेटीत पडून राहतात. म्हणून नियम काय आहेत, ते आधी समजून घेऊ.

गैरसमज : दुखणं बरं झालं की परत भरती होता येतं.
वस्तुस्थिती : फौजेत शिरण्याचे निकष वेगळे आणि आत असलेल्याला ठेवून घेण्याचे वेगळे. सेवेतल्या जवानाची प्रकृती ‘शेप’ पद्धतीने ठरते. मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे या पाचांना १ ते ५ असा दर्जा मिळतो. दर्जा २ किंवा ३ वर घसरला तरी झेपेल ते काम देऊन ठेवून घेता येतं. मूळचे मुंबईचे मेजर जनरल इयन कार्डोझो यांनी १९७१ च्या युद्धात पाय गमावला आणि पुढे बटालियन व ब्रिगेडचं नेतृत्व केलं. ते सेवेत होते म्हणून हे घडलं. भरतीत मात्र ही सवलत नाही. तिथे उमेदवार पूर्ण तंदुरुस्त लागतो आणि वयाची मर्यादाही लवकर ओलांडली जाते.

गैरसमज : कॅटेगरी लो झाली की नोकरी संपली.
वस्तुस्थिती : ‘शेप’चा दर्जा १ वरून घसरला की जवान लो मेडिकल कॅटेगरीत जातो. ती तात्पुरती असेल तर ठरावीक काळाने फेरतपासणी होते आणि कित्येक जण परत ‘शेप-वन’, म्हणजे पाचही बाबींत दर्जा १, होतात. कायमची लो कॅटेगरी आली तरी इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड न बसवता त्या कारणावरून जवानाला घरी पाठवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राजपाल सिंह प्रकरणात स्पष्ट केलं. वर्दी राखायची तर झगडायची वेळ ही, घरी आल्यानंतरची नव्हे.

गैरसमज : डीएससी आणि टेरिटोरियल आर्मीत मेडिकल ढिलं असतं.
वस्तुस्थिती : डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये माजी सैनिकांना परत घेतात, पण तिथेही ‘शेप-वन’ लागतं. टेरिटोरियल आर्मीतही वैद्यकीय चाचणी पार करावीच लागते.

गैरसमज : जुनी नोकरी लपवली तर कुणाला कळत नाही.
वस्तुस्थिती : भरतीच्या फॉर्ममधल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर देणं हा आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४४ नुसार गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची. असा सल्ला देणाऱ्या एजंटाला दारातही उभं करू नका.

गैरसमज : पंधरा वर्षं भरली नाहीत, म्हणजे पेन्शन नाही.
वस्तुस्थिती : पंधरा वर्षांची अट जवानाच्या नेहमीच्या पेन्शनला आहे, अपंगत्वाच्या पेन्शनला नाही. तिथे बोर्डाच्या कागदावरच्या दोन नोंदी निर्णायक ठरतात : अपंगत्व २० टक्के किंवा जास्त आहे का, आणि ते सेवेमुळे आलं किंवा वाढलं का. दुसऱ्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलेलं पाहून अनेक घरं तिथेच हात टेकतात. पण भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो सेवेमुळेच आला असं धरलं पाहिजे आणि बोर्डाचं मत वेगळं असेल तर त्याने कारणं दिली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह प्रकरणात सांगितलं. तो निकाल १९८२ च्या नियमांवर होता. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत, त्यामुळे घरी आल्याची तारीख आधी पाहा. दावा फेटाळला तर अपील करता येतं आणि पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. अग्निवीरांची तरतूद निराळी आहे. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाच्या प्रमाणानुसार त्यांना ४४, २५ किंवा १५ लाखांचं एकरकमी सानुग्रह अनुदान मिळतं.

गैरसमज : ट्रेनिंगमधूनच परत आलेला माजी सैनिक नव्हे.
वस्तुस्थिती : वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेल्या रिक्रूटला अपंगत्वाचं पेन्शन मंजूर झालं असेल, तर २००६ पासून तोही माजी सैनिक मानला जातो. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड मधल्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के आरक्षण आहे.

गैरसमज : मेडिकलवर घरी येणं म्हणजे घराण्याला बट्टा.
वस्तुस्थिती : बडतर्फी ही शिक्षा असते, वैद्यकीय डिस्चार्ज नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं आणि पुण्यात टेल्कोत नोकरीही केली. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग जवानांना दुसऱ्या रोजगाराचं शिक्षण देते.

तेव्हा घरी आलेल्या पोराला मैदानावर पिटाळू नका. डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाच्या कागदांची प्रत काढा. प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा, त्याची पोच घ्या आणि सगळं घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. अपिलाला मुदत असते. ती उलटून जाऊ देऊ नका.