सहाव्या वर्षीची दाढ

लेकराचे पुढचे दात काळे पडले की वऱ्हाडातल्या घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "दुधाचेच हायेत, पडून जातीन." पडतात, हे खरं. पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे गुपचूप एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच धरली जाते. ती मात्र कायमची असते. गेली तर तिच्या जागी दुसरी नाही.

भुईरिंगणीच्या बियांचा धूर देऊन दातातली कीड पाडायचा उपाय जुन्या लोकांना ठाऊक आहे. दातात अळी नसतेच. तोंडातले जीवाणू गोड आणि पिठूळ पदार्थांचं आम्ल करतात आणि त्या आम्लात दात विरघळतो, हे बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी १८९० साली मांडलं. पुढे १९२४ मध्ये जे. किलियन क्लार्क यांनी किडक्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जीवाणू वेगळा काढला. तो एकटाच गुन्हेगार नाही, पण टोळीतला नामांकित खरा. बाळाकडे तो बहुधा घरच्यांच्या, त्यातही आईच्या, लाळेतून येतो: चावून भरवलेला घास, चाखलेला चमचा. म्हणून आईचे किडके दात आधी दुरुस्त करून घेणं हाही बाळाचाच उपचार.

जीवाणू असले तरी त्यांना खाऊ लागतो. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांत दातांवरचा सामू ५.५ च्या खाली उतरतो आणि लाळेला तो सावरायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. त्यामुळे किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. दिवाळीची करंजी जेवणासोबत खाऊन मोकळं झालेलं पोर त्या मानाने सुखरूप. कापूस वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर बसून दुपारभर बिस्किटाचा पुडा कुरतडणाऱ्या लेकराचे दात मात्र सतत आम्लात. त्या आईला कुणी उपदेश करू नये. मजुरी बुडवून ती काय करणार? फुटाणे किंवा भाकरीचा तुकडा जमला तर उत्तम.

रात्रीची दुधाची बाटली याहून वाईट. झोपेत लाळ कमी होते आणि दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते वाचतात. सुरुवात हिरडीलगतच्या खडूसारख्या पांढऱ्या पट्ट्याने होते. त्या टप्प्यावर कीड परतवता येते, आणि तिथे फ्लोराइडची टूथपेस्ट कामाला येते: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. राखुंडीला ते जमत नाही.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची तपासणीही येते. त्याच्या आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचं असतं. पथक आलं की त्या मागच्या दाढेबद्दल मुद्दाम विचारावं. उपचारासाठी अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं आणि अकोल्यात जमनालाल गोयनका दंत महाविद्यालय आहे. रडणाऱ्या मुलाला ड्रिल लावायची गरज दर वेळी पडते असंही नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब लावला की बरेचदा कीड थांबते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो. पुढच्या दातांसाठी आईबाप कचरतात, ते साहजिक आहे. दाढ काळी दिसली तरी कोण बघतंय?