मूल विमानात बसण्याआधी

मागच्या वेळी घटस्फोटानंतर मुलाचा ताबा कोणाकडे जातो, ते आपण पाहिलं. आज त्यापुढचा प्रश्न. ताबा एकाकडे, भेटीचा हक्क दुसऱ्याकडे, आणि हा दुसरा मुलाला घेऊन परदेशी निघून गेला तर? ‘माझंच मूल, मी पळवलं कसं?’ असं तो विचारतो. किंवा ती विचारते. नेणारी बरेचदा आईसुद्धा असते.

एक जुनं प्रकरण सांगतो. मिशिगनच्या कोर्टानं मुलाचा ताबा अमेरिकन आईला दिला होता, भारतीय वडिलांना शनिवार-रविवारची भेट. मुलाला अमेरिकेबाहेर न्यायचं तर आधी कोर्टाकडे अर्ज करायचा, मग मूल परत यावं म्हणून काय अटी घालायच्या ते कोर्ट ठरवेल, असंही आदेशात होतं. आदेश अगदी चोख. जानेवारी १९८६ मध्ये वडिलांनी भेटीसाठी मूल घेतलं आणि गुपचूप भारत गाठला. मूल पुण्यात, आजी-आजोबांकडे. आईला आपल्या सर्वोच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची याचिका करावी लागली. मूल परत मिळालं, पण तोवर नोव्हेंबर उजाडला होता.

कुठे फसलं? आदेश पाळणं फक्त वडिलांच्या मर्जीवर होतं. ज्याला मोडायचाच आहे, त्याला कागद अडवत नाही. वाटेत तिसरं कुणीतरी उभं करावं लागतं.

पहिली जागा पासपोर्टची. अमेरिकेत सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला आई-वडील दोघांची संमती लागते. शिवाय परराष्ट्र खात्याकडे मुलाचं नाव नोंदवून ठेवता येतं. पासपोर्टसाठी अर्ज आला की नोंदवणाऱ्या पालकाला कळवतात. आता यातली भोकं बघा. कपाटात आधीच असलेला पासपोर्ट यानं रद्द होत नाही. मुलाला दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असेल, तर तिथल्या वकिलातीवर अमेरिकी कोर्टाचा हुकूम चालत नाही. आणि अमेरिका सोडताना आपल्यासारखा इमिग्रेशनचा शिक्का नसतो. म्हणून जाणते वकील मुलाचे ‘सगळ्या देशांचे’ पासपोर्ट जमा करा, असं आदेशात लिहून घेतात. ब्रिटनमध्ये पोलीस बंदरांना आणि विमानतळांना सावध करू शकतात, पण धोका खरा आणि अगदी तोंडावर आलेला हवा, आणि नाव यादीत चार आठवडेच राहतं.

दुसरा उपाय मिरर ऑर्डर. मूल ज्या देशात जाणार, तिथल्या कोर्टाकडून तसाच आदेश आधी आणायचा. जोडीला हमीची रक्कम. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये एका मुलाला वडिलांबरोबर केनियाला पाठवताना दोन्ही मागितलं: नैरोबीच्या उच्च न्यायालयाचा मिरर आदेश आणि एक कोटी रुपये. मूल गेलं. मग वडिलांनी भारतीय आदेशालाच तिथे आव्हान दिलं, आणि २०२१ मध्ये आपल्या न्यायालयाला स्वतःचा निकाल मागे घ्यावा लागला. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला कोटभर रुपयेसुद्धा तिकिटाच्या किमतीसारखे वाटू शकतात. रक्कम माणूस बघून ठरवायला हवी.

भारत १९८० च्या हेग करारात नाही. मूल इथे आलं की झटपट परत पाठवण्याची करारातली वाट मिळत नाही, म्हणून परदेशी न्यायाधीश भारताचं नाव ऐकून बिचकतात. पण सरसकट बंदी घातली तर नाशिकची आजी नातवाला बघणार कधी? मला ही बंदी शेवटचा उपाय म्हणूनच पटते. आधी परतीचं तिकीट, मुक्कामाचा पत्ता, हमी, ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल असं बांधून बघावं.

मग धोका ओळखायचा कसा? अमेरिकेत २००६ साली एक आदर्श कायदा तयार झाला, त्यात खुणा दिल्या आहेत: नोकरी सोडली, घर विकलं, बँकेचं खातं बंद केलं, शाळेतून मुलाचे कागद काढून घेतले. ‘तो पळवेल असं मला वाटतं’ एवढ्यावर कोर्ट सहसा हलत नाही. असे दोन-तीन कागद हातात असले, तर समोरच्याला न कळवताही तातडीचा आदेश मागता येतो. त्यासाठी तिकिटाच्या तारखेची वाट बघत बसू नये.