सोलर हीटरवरची सवलत आता कुठे शोधायची?

सोलर वॉटर हीटर घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यावर सबसिडी किती?" पाणी तापवणाऱ्या सोलरवर केंद्र सरकारची रोख सबसिडी आज मिळत नाही. ती २०१४ मध्ये बंद झाली. पण सरकारी सवलती सगळ्याच संपल्या असं नाही. त्या वेगवेगळ्या कागदांवर विखुरल्या आहेत : थोडी दुकानाच्या बिलात, थोडी घरपट्टीत, धंदा असेल तर आयकरात. प्रत्येक ठिकाणी किती पैसे वाचतात ते आकडे मांडून पाहू.

आधी जुन्या सबसिडीबद्दल, कारण लोकांच्या मनात अजून तीच आहे. जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. त्यात सोलर हीटरला आधारभूत किमतीच्या ३० टक्के अनुदान ठेवलं होतं. सुरुवातीचे दर असे होते : पसरट पेटीच्या, म्हणजे फ्लॅट प्लेट हीटरला चौरस मीटरमागे ३,३०० रुपये आणि काचेच्या नळ्यांच्या हीटरला ३,००० रुपये. शंभर लिटरच्या फ्लॅट प्लेट हीटरला साधारण दोन चौरस मीटर पेटी लागते, म्हणजे सहा हजार सहाशे रुपये सुटायचे. हे अनुदान नको असेल तर ५ टक्के व्याजाने कर्ज घेता यायचं.

आज जी ७८,००० रुपयांची सबसिडी कानावर येते, ती वेगळ्या वस्तूची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काही नाही. पाणी तापवणारा हीटर या योजनेत बसत नाही. 'सूर्यघरमधून हीटरची सबसिडी काढून देतो' असं कुणी म्हणालं, तर त्याच्या हातात आगाऊ रक्कम देऊ नका.

आता बिलाकडे वळू. सोलर हीटरवरचा जीएसटी सुरुवातीला ५ टक्के होता. १८ जुलै २०२२ पासून तो १२ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा ५ टक्क्यांवर आला. समजा, कर सोडून हीटरची किंमत २०,००० रुपये आहे. १२ टक्क्यांनी बिल २२,४०० व्हायचं, ५ टक्क्यांनी २१,००० होतं. या १,४०० रुपयांसाठी अर्ज करावा लागत नाही, कुठे खेटे घालावे लागत नाहीत. मात्र पक्कं बिल हवं. त्यावर 'सोलर वॉटर हीटर' असं स्पष्ट लिहिलेलं आहे ना आणि कर ५ टक्केच लावला आहे ना, एवढं पाहून घ्या. गरम पाण्याचे पाइप आणि प्लंबरची मजुरी यांचा हिशेब वेगळा असतो. भाव विचारताना तोही विचारा, नाहीतर स्वस्त वाटलेला हीटर नळापर्यंत येईतो महाग होतो.

दुसरी सवलत घरपट्टीतली. ती राज्यभर एकसारखी नाही, प्रत्येक स्थानिक संस्था आपापलं ठरवते. पुणे महापालिकेचं उदाहरण घेऊ. तिथे सौरऊर्जा, गांडूळखत प्रकल्प आणि पावसाच्या पाण्याचं संधारण यांपैकी एक असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सूट आहे. इथे 'सर्वसाधारण करात' हे शब्द महत्त्वाचे. घरपट्टीच्या बिलात सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष कर अशा बऱ्याच ओळी असतात आणि सूट त्यांतल्या एकाच ओळीवर मिळते. त्या ओळीत ८,००० रुपये असतील तर सोलरमुळे वर्षाला ४०० रुपये वाचतील. आवारात गांडूळखताचा खड्डाही असला तर ८००. ही रक्कम लहान असली तरी दरवर्षी मिळते.

ती टिकवायची तर यंत्रणा चालू असावी लागते. इमारतीच्या गच्चीवर बिल्डरने बसवून दिलेला हीटर, फुटलेल्या नळ्या आणि पाच वर्षं कोरडी पडलेली टाकी हे चित्र पुष्कळ सोसायट्यांमध्ये दिसतं. महापालिकेच्या पाहणीत अशी यंत्रणा बंद आढळली की सूट रद्द होते. म्हणून सोसायटीने दुरुस्तीचं वार्षिक कंत्राट आणि घरपट्टीतली सूट यांचा हिशेब एकत्र मांडावा.

बेळगावकडच्या वाचकांना आणखी एक सवलत माहीत असेल. कर्नाटकातल्या वीज कंपन्यांनी सोलर हीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये, अशी सूट बरीच वर्षं थेट वीजबिलात दिली.

लॉज, वसतिगृह किंवा खासगी दवाखाना चालवणाऱ्यांसाठी आयकरातली घसाऱ्याची तरतूद मोठी आहे. साध्या यंत्रसामग्रीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, सोलर हीटरवर ४० टक्के. तीन लाखांच्या यंत्रणेवर पहिल्या वर्षी ४५,००० ऐवजी १,२०,००० रुपये खर्चात धरता येतात. कराचा दर ३० टक्के असेल तर त्या वर्षी २२,५०० रुपये जास्तीचे हातात राहतात. पुढच्या वर्षांत हा फरक कमी होत जातो, पण यंत्रणेचे हप्ते फेडायच्या काळात पैसा हाताशी असतो. अट एकच : आर्थिक वर्षात यंत्रणा १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा होतो. म्हणून ती सप्टेंबरअखेर सुरू झालेली बरी.

इतकं झाल्यावर एक रास्त शंका येते. सबसिडी पॅनेलला आहे, तर पॅनेल बसवून गीझरच का चालवू नये? शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण साडेचार युनिट लागतात. एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चारेक युनिट वीज देतं आणि त्याला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. हीटर तेच काम तीस-चाळीस चौरस फुटांत करतो. मात्र उन्हाळ्यात हीटरचं पाणी टाकीतच राहतं आणि पॅनेलची जास्तीची वीज बिलात वळती होते. गच्ची मोकळी असेल आणि पॅनेल बसवायचेच असतील, तर सबसिडी मिळते त्या तीन किलोवॉटपर्यंत गीझरचा भार त्यांच्यावर टाकणं हिशेबात बसतं. त्यापुढच्या किलोवॉटला सबसिडी नाही, तिथे हीटर स्वस्त पडतो. जागा कमी असेल तर प्रश्नच नाही, हीटरच घ्यावा.

खरा पैसा वाचतो तो वीजबिलात, आणि तोही सरकारी दररचनेमुळेच. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात : १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, पुढे चौथा. जानेवारीत घराचा वापर ३४० युनिट असेल आणि त्यातले ९० गीझरचे असतील, तर गीझर बंद झाल्यावर ४० युनिट तिसऱ्या टप्प्यातून आणि ५० दुसऱ्या टप्प्यातून जातात. स्वस्त पहिल्या टप्प्याला धक्का लागत नाही. शिवाय वाचलेल्या रकमेवरचं १६ टक्के वीजशुल्कही वाचतं. समजा, वर्षातले २४० दिवस रोज तीन युनिट वाचले आणि एक युनिट सगळे आकार धरून अकरा रुपयांना पडलं, तर वर्षाला ७,९२० रुपये होतात. हीटर आणि पाइप मिळून पंचवीस हजार धरले तरी तीन-सव्वातीन वर्षांत खर्च निघतो.

या आकड्यांशेजारी घरपट्टीतले ४०० रुपये ठेवले की कशाला किती महत्त्व द्यायचं ते कळतं. सूट मिळते म्हणून मोठा हीटर घेण्यात अर्थ नाही. चार माणसांच्या घराला बहुधा शंभर लिटर पुरतात. गरज नसताना दोनशेचा घेतला तर सगळ्या सवलतींची बेरीज त्यातच बुडते. पाणी बोअरचं आणि क्षाराचं असेल तर फ्लॅट प्लेटच्या बारीक नळ्या चोंदतात. तिथे काचेच्या नळ्यांचा हीटर साफ करायला सोपा आणि किमतीलाही कमी पडतो.

हीटर बसला की जीएसटीचं बिल, वॉरंटी कार्ड आणि गच्चीवर बसवलेल्या यंत्राचा फोटो एका फाइलमध्ये ठेवा. महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या करविभागात अशी सूट आहे का ते विचारा आणि असेल तर अर्जाची पोच घ्या. पुढच्या वर्षीच्या घरपट्टीत सर्वसाधारण कराच्या ओळीत वजावट दिसली नाही, तर ती पोच घेऊन जा.