तान्ह्या गालावरची लाल गाठ

बाळ जन्मलं तेव्हा गाल स्वच्छ होता. दोन-तीन आठवड्यांनी तिथे ओरखड्यासारखी फिकट लाल खूण उमटली आणि बघता बघता ती लालभडक, खडबडीत फुगवटी झाली. आजी म्हणते, ग्रहण पाळलं नाहीस. आईच्या डोक्यात मात्र कॅन्सरच घोळत असतो.

अशी गाठ बहुतेक वेळा हिमॅन्जिओमा निघते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींची ही वाढ कर्करोग नव्हे. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती होते. मुलींना आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अधिक. ग्रहणाशी तिचा काडीचाही संबंध नाही, आईला बोल लावणं तर थांबवाच.

डॉक्टर आधी विचारतात, डाग जन्मतःच होता की नंतर आला? बोस्टनच्या जॉन मुलिकेन आणि ज्युली ग्लोवाकी यांनी १९८२ मध्ये हाच भेद पक्का केला. जन्मापासूनचा सपाट, जांभळट ‘पोर्ट वाइन’ डाग मुलाबरोबर वाढतो आणि जन्मभर राहतो. हिमॅन्जिओमा जन्मानंतर झपाट्याने फुगतो आणि पुढे काही वर्षांत ओसरतो. शंका उरली तर डॉप्लर सोनोग्राफी करतात, क्वचित तुकडा काढून तपासतात. हिमॅन्जिओमाच्या पेशींत ग्लुट-१ हे प्रथिन सापडतं, हे पॉला नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं. हेच प्रथिन वारेच्या रक्तवाहिन्यांतही असतं!

‘आपोआप जाईल, थांबा’ हा सल्ला बऱ्याच बाळांच्या बाबतीत खराही ठरतो. पण गाठ सर्वांत वेगाने वाढते ती पाचव्या ते आठव्या आठवड्यात. पापणीवर असेल तर नजर अधू होऊ शकते, ओठावर चिघळते, हनुवटी-गळ्याभोवती असेल तर श्वासनलिकेतही असू शकते. अंगावर पाच किंवा जास्त गाठी असल्या तर यकृताची सोनोग्राफी करावी लागते.

उपचार मिळाला तो अवचित. फ्रान्समधल्या बोर्दोत एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं, तर दुसऱ्याच दिवशी नाकावरची गाठ मऊ पडून तिचा लाल रंग जांभळट झाला. क्रिस्तिन लेओते-लाब्रेझ यांनी हे २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं, आणि तेही दूध पाजतानाच, कारण उपाशीपोटी रक्तातली साखर उतरण्याचा धोका असतो.

अशी खूण दिसली की तिचा तारखेसह फोटो काढा, दर आठवड्याला पुन्हा काढा. आणि पुढच्या लसीच्या तारखेची वाट न बघता, शक्यतो बाळ महिन्याचं होतं न होतं तोच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.